इथे घाई करू नये

आई शेजारणीला सांगते, पोरगी लायब्रऱ्या वापरते.
शेजारीण विचारते, वर्गणी किती?
वर्गणी नाही, तारखेचा शिक्का नाही,
पुस्तक परत मागायला कोणी येत नाही.
तारखा ओळखायची लायब्ररी कुणी लिहिली, ठाऊक नाही;
सात वर्षांपूर्वी त्याने तिच्यावर शेवटचा हात फिरवला
आणि गेला. लग्न झालं असेल, कंटाळला असेल.
त्याच्या चौदाशे ओळींवर
गुलटेकडीची पहाट उभी आहे.

रात्री दोनपासून मार्केट यार्डात गाड्या लागतात.
मंचरची मेथी, खेड शिवापूरची, पुरंदरची,
ओल्या गोणपाटाखाली.
प्रत्येक पावतीची नोंद माझ्या स्क्रिप्टमध्ये येते.
माझ्या म्हणजे शकील तांबोळीच्या.
त्याने लिहिली, माझ्या गळ्यात पडली,
तो आता सासवडला सायकलींचं दुकान चालवतो.
नोंदी तुंबायच्या. भाव फळ्यावर लागेपर्यंत
निम्मा माल उचललेला असायचा.

म्हणून परवा प्रोफायलर लावला.
त्यात मोठं काही नाही. घरात एकेकाला
विचारत जायचं, तू किती वेळ घेतलास? आणि तू?
हळू आहे, हळू आहे म्हणून जिला सगळे नावं ठेवतात
ती भाषा बिचारी कोपऱ्यात
चार टक्क्यांवर गप्प बसलेली.
ब्याण्णव टक्के एका तीन ओळींच्या फंक्शनमध्ये:
जुडीचं वजन.
दर नोंदीला ते पलीकडच्या शेडमधल्या
जुनाट कॉम्प्युटरवरची तीच फाइल
उघडतं, अख्खी वाचतं, एक आकडा घेतं, मिटतं.
वर शकीलची कॉमेंट:
इथे घाई करू नये.

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.
फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ चढवली,
लग्नात टोपी चढवतात तशी:
एकदा काढलेलं उत्तर लक्षात ठेव.
चाळीस मिनिटांचा तुंबारा अकरा सेकंदांत साफ.
स्वतःसाठी एक वडापाव घेतला. मग अजून एक.

पहाटे साडेपाचला फोन. सुंदराबाई कोंडे.
"बाई, तुमच्या मशीनने कधी मेथी बांधलीय का?
आज जुडी लहान आहे. सगळ्या यार्डाला माहितीय."

गेले. भाजीच्या शेडमध्ये
तोलणार मारुती धुमाळ रोज तीनच्या सुमारास
रांगेतून चालत जातात, एक जुडी उचलतात,
पाणी झटकतात, पुन्हा उचलतात.
मग त्या कॉम्प्युटरपाशी बसून, एका बोटाने,
फाइलमधला आकडा बदलतात.
काल अडीचशे. आज एकशे ऐंशी.
कधी रात्रीतून दोनदा.
माझी स्क्रिप्ट दोन वाजताचा आकडा
छातीशी धरून बसली होती.

शकीलला फोन लावला. मागे हवा भरायचा आवाज.
"कॉमेंट वाचली नाहीस?"
वाचली, म्हटलं. समजली नाही.
पंप थांबला.
"मग मीच वाईट लिहिली."

आता स्क्रिप्ट आत शिरत नाही.
दारातूनच विचारते,
मारुतीमामा, शेवटचा हात कधी लावलात?
वेळ तीच असेल तर जुनं उत्तर.
बदलली असेल तर चपला काढून आत जाते, वाचते.
अकरा सेकंदांचे चौदा झाले.
ते तीन सेकंद मी कुणालाही कापू देणार नाही.

शकीलची ओळ तशीच ठेवली.
तिच्याखाली माझी:
कारण मेथी.